शेल्टरमधला मोठा कुत्रा कोणाचा क्रॉस? अंदाज बांधण्याची रीत

पुण्या-मुंबईकडच्या शेल्टरमध्ये पिंजऱ्यांवरची कार्डे वाचत गेलात, तर ‘लॅब क्रॉस’ (लॅब्रॅडॉरचा संकर) हे शब्द वारंवार दिसतील. काळा रंग, लोंबते कान, तीस किलोच्या आसपास वजन, एवढ्यावर ते लिहिलेले असतात. जर्मन शेफर्डचेही तेच: काळे तोंड आणि उभे कान दिसले की ‘जीएसडी क्रॉस’. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, नाव लागले की कुत्रा लवकर दत्तक जाईल असे त्याला वाटते. पण कार्ड वाचून लॅब घरी नेणारा माणूस वर्षभराने वेगळाच कुत्रा समोर पाहतो आणि काही वेळा तो कुत्रा परत येतो.

डोळ्यांनी बांधलेला अंदाज कितपत खरा ठरतो, हे मोजून पाहिलेले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या फीनिक्स आणि सॅन दिएगो इथल्या दोन शेल्टरमधल्या ९००हून अधिक कुत्र्यांची डीएनए चाचणी झाली. कर्मचाऱ्यांनी सांगितलेली किमान एक जात सुमारे दोन तृतीयांश संकरित कुत्र्यांत सापडली, पण एकाहून जास्त जाती बरोबर सांगण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. ही रोज कुत्री हाताळणारी माणसे होती. म्हणजे एक जात ओळखणे शक्य आहे, दुसरी फार क्वचित आणि तिसरी जवळजवळ कधीच नाही. खालची सगळी रीत याच मर्यादेत राहून सांगितली आहे.

कुत्रा पाहण्याआधी: तो कुठून आला?

पहिला पुरावा अंगावर नसतो, आवक नोंदवहीत असतो. कुत्रा कोणत्या भागातून आला, कोणी आणला, गळ्यात पट्टा किंवा पट्ट्याचा वळ होता का, त्याला ‘बस’, ‘शेकहँड’ कळते का, लिफ्टमध्ये किंवा गाडीत तो सहज चढतो का, हे विचारून घ्या. घरात वाढलेला मोठा कुत्रा सोसायटीच्या गेटजवळ सोडलेला सापडला, तर परदेशी जातीची शक्यता बरीच वाढते. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाची आई मात्र जवळजवळ नेहमी गावठीच असते, त्यामुळे निम्मे उत्तर आधीच मिळालेले असते. त्याचा बाप पाळीव असला तर पिल्लात परदेशी जात निम्मी, आणि आजोबा पाळीव असला तर सरासरी पाव. पाव हिस्सा बाहेरून ओळखू येईलच असे नाही.

लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातून उंच, सडसडीत कुत्रा आला तर ग्रेहाउंड वगैरे नावे मनात आणण्याआधी कारवानी आणि पश्मी आठवा. शिकारी कुत्र्यांची ही परंपरा दख्खनचीच आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड त्याच घराण्यातला, आणि राजपालयम, चिप्पीपराई यांच्याबरोबर त्याची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेकडे अधिकृत नोंद आहे. आपल्याकडच्या शेल्टरमध्ये या कुत्र्यांना ‘हडकुळा गावठी’ म्हणून बाजूला ठेवले जाते, याचे वाईट वाटते.

कानाला कापलेली खाच दिसली तर ती निर्बीजीकरणाची खूण आहे, जातीशी तिचा संबंध नाही. तसेच तोकडी शेपूट किंवा छाटलेले कान म्हणजे डॉबरमनच असे समजू नका. घरगुती छाटणी गावठी पिल्लांचीही होते.

तीन-चार आठवडे थांबा

आल्या दिवशी अंदाज लिहू नका. उपाशी लॅब हाउंडसारखा, म्हणजे सडसडीत शिकारी कुत्र्यासारखा दिसतो, कारण छातीचा पिंजरा उघडा पडतो आणि पोट आत जाते. खरजेने केस गेलेल्या जर्मन शेफर्डच्या अंगावर ओळखीचे काहीच उरत नाही. जंत आणि गोचीडताप असलेला कुत्रा मरगळलेला असतो आणि लोक त्याला ‘शांत स्वभावाची जात’ म्हणून टाकतात. प्रकृती ९ पायऱ्यांच्या पट्टीवर मोजा: ४ किंवा ५ म्हणजे बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात, आणि वरून पाहिले की कंबर कळते. कुत्रा या पायरीला आला आणि केस परत उगवले की मग बघा. तोपर्यंत कार्डावर ‘संकर, मोठा’ एवढे पुरे.

वयही याच काळात ठरवा. कुत्र्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२ दात असतात, सात महिन्यांपर्यंत सगळे बदलून झालेले असतात. मोठ्या जाती १२ ते १८ महिने वाढतात, ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्डसारख्या २ वर्षांपर्यंत. म्हणून ८ महिन्यांच्या लांबट पायांच्या पोराची छाती अरुंद दिसली तरी ती तशीच राहील असे धरू नका. मोठ्या कुत्र्याचे पिल्लू साधारण ५ महिन्यांचे असताना पूर्ण वजनाच्या निम्म्याच्या आसपास असते. पंजांच्या आकारावरून भविष्य सांगू नका, ती पद्धत अनेकदा फसते.

मापे घ्या

लागणारी सामग्री: शिंप्याची टेप, एक जाड पुस्तक, पेन्सिल, वजनकाटा, खाऊ आणि दोन माणसे. कुत्र्याला ओळखणाऱ्याने पुढे बसून त्याला खाऊ द्यावा, दुसऱ्याने बाजूने काम करावे, अंगावर वाकून नको. टेप आधी हुंगू द्या. कुत्रा ताठला, ओठ चाटू लागला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला तर त्या दिवशी थांबा. नवीन कुत्र्यांना हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

कुत्र्याला भिंतीशी सपाट फरशीवर उभे करा. मान संपते तिथे, दोन्ही फऱ्यांच्या वरच्या टोकावर पुस्तक आडवे ठेवा, भिंतीवर खूण करा, जमिनीपासून अंतर मोजा. ही उंची. डोक्यापर्यंतची उंची निरुपयोगी आहे. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत अंगाची लांबी, कोपरांमागून छातीचा घेर, आणि फऱ्याच्या टोकापासून छातीच्या तळापर्यंत खोली. काटा लहान असेल तर कुत्र्याला उचलून उभे राहा आणि स्वतःचे वजन वजा करा.

ताडून पाहायला काही आकडे लागतात. प्रौढ गावठी साधारण ४६ ते ६० सेंमी आणि १५ ते २५ किलो असतो, चांगले खाणारा नर याच्या पुढेही जातो. लॅब्रॅडॉर ५४ ते ६२ सेंमी असतो, पण वजन २५ ते ३६ किलो. जर्मन शेफर्डचा नर ६० ते ६५ सेंमी आणि ३० ते ४० किलो, मादी ५५ ते ६० आणि २२ ते ३२. रॉटवायलरचा नर ६१ ते ६८ आणि ५० किलोच्या आसपास. डॉबरमनचा नर ६८ ते ७२ आणि ४० ते ४५ किलो. ग्रेट डेनचा नर ८० सेंमीच्या खाली नसतो. कारवानी ६५ ते ७५ सेंमीचा असूनही वजनाला हलका. हस्की मात्र लोकांना वाटतो त्याहून लहान: नर ६० सेंमीपर्यंत आणि २८ किलोपर्यंतच.

इथे उंची आणि वजन जोडीने वाचायचे. ६० सेंमी उंचीला २२ किलो भरणारा धष्टपुष्ट कुत्रा आणि त्याच उंचीला ३४ किलो भरणारा कुत्रा, यांत दुसऱ्याच्या हाडांत काहीतरी बाहेरचे आहे. पहिल्यात काही बाहेरचे असायलाच हवे असे नाही.

हाडांचा साचा

रंग झाकून कुत्रा पाहण्याची एक सोपी युक्ती आहे: बाजूने, कुत्र्याच्या खांद्याच्या पातळीवरून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून प्रकाश कमी करा. उरते ती आकृती. उभ्याने वरून फोटो काढला की डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात, आणि अशा फोटोंवरूनच सगळ्यात वाईट अंदाज निघतात.

अंगाची लांबी आणि उंची सारखी असेल तर चौकट चौरस. गावठी आणि डॉबरमन असे असतात. लांबी उंचीपेक्षा १० ते १७ टक्के जास्त असणे ही जर्मन शेफर्डची ठेवण आहे. लॅबची छाती पिंपासारखी गोल आणि पोटाची रेषा जवळजवळ सरळ, शेपूट बुंध्याशी जाड. कारवानीत छाती खोल पण अरुंद, कंबर एकदम आत ओढलेली, पाठीला किंचित कमान, मांड्या लांब.

डोक्यात तीन गोष्टी बघा: डोळ्यांच्या मधला खळगा किती खोल, मुस्कट कवटीच्या मानाने किती लांब, आणि गालफडे. कारवानीला खळगा जवळजवळ नसतो, डोके लांब पाचरीसारखे. जर्मन शेफर्डमध्ये मुस्कट आणि कवटी लांबीला सारखी. लॅबचा खळगा स्पष्ट आणि मुस्कट रुंद. रॉटवायलरचे मुस्कट कवटीपेक्षा आखूड, कपाळ रुंद.

सगळ्यात मोठा घोटाळा गालफडांचा होतो. निर्बीजीकरण न झालेला, ४-५ वर्षांचा तगडा गावठी नर मानेने आणि गालांनी जाड होतो. त्याला ‘पिटबुल क्रॉस’ किंवा ‘रॉट क्रॉस’ म्हटले जाते आणि मग त्याला घर मिळत नाही. रुंद डोक्याबरोबर छातीचा रुंद पुढा आणि पायांची जाड हाडेही नसतील, तर ती नावे लिहू नका.

रंग आणि केस

लोक पहिल्यांदा रंग पाहतात. खरे म्हणजे तो शेवटी पाहायला हवा, कारण संकरात रंग मोजक्या जनुकांवर ठरतो आणि पहिल्याच पिढीत आईबापांचा रंग पुसला जाऊ शकतो. अमेरिकेत बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बसेन्जी आणि कॉकर स्पॅनियल यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीची पिल्ले यातल्या कोणत्याही जातीची म्हणून ओळखता आली नसती.

पिवळा लॅब घ्या. त्याच्यात काळ्या रंगाचे प्रभावी जनुक असते, पण केसांत काळा रंग उतरू न देणाऱ्या दुसऱ्या जनुकाच्या दोन प्रती असल्यामुळे तो पिवळा दिसतो. बदामी गावठी कुत्रीपासून त्याला पिल्ले झाली तर ती रोखणारी प्रत एकच उरते आणि पिल्ले सहसा काळी निघतात. गोल्डन रिट्रीव्हरचे बहुधा तसेच. शिवाय लांब केसांचे जनुक अप्रभावी आहे, म्हणून आखूड केसांच्या गावठीपासून झालेली गोल्डनची पिल्ले आखूड केसांची, काळी, लोंबत्या किंवा अर्धवट कानांची होतात आणि लॅब क्रॉस म्हणून खपतात.

मग रस्त्यावरचा पिवळसर कुत्रा लॅब नाही का? बहुतेक वेळा नाही, तो गावठीचा स्वतःचा बदामी रंग असतो. हे तपासता येते. दिवसाच्या उजेडात पाठीवरचे आणि शेपटीच्या वरच्या बाजूचे केस उलटे फिरवून पाहा. एक जरी केस काळा किंवा काळ्या टोकाचा निघाला, तरी तो रंग लॅबचा पिवळा नाही. नाक काळे असण्यावरून काही ठरत नाही, ते दोन्हींत काळे असते.

जर्मन शेफर्डच्या पाठीवरची काळी खोगीर गावठीशी संकर झाल्यावर सहसा नाहीशी होते, कारण बदामी रंगाचे जनुक तिच्यावर मात करते. तोंडावरचा काळा मुखवटा मात्र प्रभावी आहे आणि तो टिकतो. म्हणून उभे कान, काळा मुखवटा, काळ्या टोकांचे गडद बदामी केस आणि उंचीपेक्षा लांब अंग असे चारही एकत्र असले तर जर्मन शेफर्डचा अंदाज भक्कम. नुसता मुखवटा असेल तर कमजोर, कारण ग्रेट डेनसह इतर जातींतही तो असतो. काळ्या अंगावर भुवयांशी आणि पायांवर तांबूस ठिपके ही डॉबरमन-रॉटवायलरची खूण मानतात. पण हे जनुकही अप्रभावी आहे, ते दिसायला दोन्ही पालकांकडून यावे लागते. बदामी गावठी आणि डॉबरमन यांची पिल्ले बदामी होऊ शकतात, आणि ज्याच्या वंशात डॉबरमन कधीच नव्हता असा गावठी काळा-तांबूस असू शकतो.

उलट मर्ल, म्हणजे फिकट राखाडीवर काळे फाटके डाग, हा रंग एकाच पालकाकडून आला तरी दिसतो आणि गावठीत सहसा नसतो. मोठ्या कुत्र्यावर तो दिसला तर ग्रेट डेनचा विचार करा. हस्कीच्या निळ्या डोळ्यालाही एकच प्रत पुरू शकते. पण मर्ल कुत्र्यांचे आणि पुष्कळ पांढऱ्या डोक्याच्या कुत्र्यांचेही डोळे निळे असतात, त्यामुळे आधी रंग पाहा, मग हस्की म्हणा. केसांखाली बोट घालून दाट मऊ लव लागते का तेही बघा.

छातीवर पांढरा पट्टा, पांढरी बोटे, अंगावर वाघासारखे पट्टे, जिभेवर निळे डाग यांवरून जात ठरवू नका. ते अनेक जातींत आणि गावठीतही आढळतात. बोटांमधल्या पडद्याचेही तेच, तो थोडाफार सगळ्याच कुत्र्यांना असतो. मागच्या पायांना दुहेरी अंगठानख असेल तर नोंदवा. सेंट बर्नार्ड आणि डोंगरी राखणदार कुत्र्यांत ते आढळते, पण एकट्यावर भिस्त ठेवण्याइतके ते पक्के नाही.

एक उदाहरण

समजा नर आहे, ३ वर्षांचा, ६६ सेंमी, २५ किलो, प्रकृती पायरी ४, अंगाची लांबी ६६ सेंमी. बदामी, मुखवटा नाही, कान अर्धे मोडलेले, शेपूट लांब, खाली लोंबती, टोकाशी वळलेली. छातीची खोली ३३ सेंमी, कंबर बारीक, डोळ्यांमधला खळगा अगदी उथळ. कार्डावर ‘ग्रेट डेन क्रॉस’ लिहिलेले आहे, कारण तो उंच आहे.

वजन ग्रेट डेनच्या बाजूने बोलत नाही, या उंचीला डेनचा क्रॉस बराच जड भरला असता. अंग चौरस, म्हणून जर्मन शेफर्ड मागे पडतो. उंचीच्या निम्मी खोल छाती, बारीक कंबर आणि उथळ खळगा ही तीन लक्षणे एकाच दिशेला जातात. आवक सांगली जिल्ह्यातली असेल तर ‘कारवानी, शक्यता जास्त; बाकी गावठी’ असे लिहा. कान, पाय, शेपूट यांवर झालरीसारखे लांब केस असते तर पश्मी म्हटले असते.

असा निवाडा एकट्याने करू नये. तिघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या कागदांवर लिहावे, मग कागद जुळवावेत. तिघांत जे सामायिक असेल तेच कार्डावर जावे. तिघे तीन दिशांना गेले तर ‘संकर’ हेच प्रामाणिक उत्तर आहे.

अंदाज कशासाठी वापरायचा, कशासाठी नाही

सर्वात उपयोगाचा तो डॉक्टरांना. कॉली या मेंढपाळ जातीचा अंश वाटत असेल तर खरजेच्या मोठ्या मात्रेतले आयव्हरमेक्टिन देण्याआधी सांगाच: कॉलींमध्ये सुमारे ७० टक्के कुत्र्यांत औषध मेंदूत शिरू देणारा जनुकदोष असतो, जर्मन शेफर्डमध्येही तो काही प्रमाणात आहे. हाउंडच्या ठेवणीच्या कुत्र्याच्या अंगावर चरबी कमी असते आणि काही भुलीची औषधे त्याच्या शरीरातून उशिरा बाहेर पडतात. डॉबरमनचा संशय असेल तर शस्त्रक्रियेआधी रक्त गोठण्याची तपासणी मागा. डेनसारखी खोल छाती असेल तर पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, निर्बीजीकरणाच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेण्याबद्दल विचारता येते. दाट लव असलेल्या कुत्र्याला विदर्भातल्या उन्हाळ्यात कुठे ठेवणार, हा प्रश्न दत्तक घेणाऱ्याला आधीच विचारावा.

स्वभावाचा अंदाज मात्र जातीवरून बांधू नका. १८,०००हून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास भाग जातीने समजावता आला. संकरित कुत्र्यात, त्यातही नजरेने ठरवलेल्या जातीवरून, तो आधार आणखी पातळ होतो. मुले, मांजरे, दुसरी कुत्री यांच्याशी तो कसा वागतो हे प्रत्यक्ष पाहून लिहा.

नावाचे परिणामही होतात. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर आणि त्यांच्या संकरांवरही बंदी घालण्याचे परिपत्रक काढले होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण सोसायट्यांमध्ये त्या यादीची भीती उरली आहे. तेव्हा अशा यादीतले नाव पुरावा नसताना कार्डावर येऊ देऊ नका.

डीएनए चाचणी करायची असेल तर आधी विचारा की त्यांच्या नमुनासंग्रहात दक्षिण आशियातली गावठी कुत्री आहेत का, कारवानी-मुधोळ आहेत का. नसतील तर यंत्रणा जवळची परदेशी नावे जोडून देते आणि अहवालात भलत्याच जातींचे ५-७ टक्क्यांचे तुकडे येतात. नमुना घेण्याआधी तासभर खाणे नको, इतर कुत्र्यांशी भांडी-खेळणी वाटून घेणे नको. काडी गालाच्या आतल्या बाजूला अर्धा ते एक मिनिट फिरवा, नीट वाळू द्या, मगच पाकिटात घाला.

कार्डावर मजकूर असा असावा: ‘नर, अंदाजे ३ वर्षे, निर्बीजीकरण झालेले. खांद्याशी ६६ सेंमी, २५ किलो, वाढ पूर्ण. आखूड केस, आठवड्यातून एकदा ब्रश. खोल छाती, भूल देताना डॉक्टरांना सांगावे. संकर: कारवानीची शक्यता जास्त, बाकी गावठी, अंदाज नजरेने, डीएनए नाही. दोऱ्याने नीट चालतो, मांजर पाहून ओढतो.’ खाली तारीख घाला आणि एक वर्षाच्या आतल्या कुत्र्यांची मापे दर दोन महिन्यांनी परत घेऊन जुनी ओळ खोडा.